वीस लिटरची सॅक

मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांचा निरोप मुलीनेच आणला. शनिवारी पहाटे ते मला शिकारीला नेणार आणि दुपारी घरी आणून सोडणार. बंदूक त्यांची, मी नुसतं शेजारी बसायचं. बरोबर एक सॅक घ्यायची, वीस लिटरची. त्याहून मोठी नको, आणि वाजणाऱ्या कापडाची तर नकोच.

"वीसच का?" मी विचारलं.

"मचाणावर जागा नसते, बाबा," ती म्हणाली, अर्थात जर्मनमध्ये. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधूनच येतं. "आणि एका सकाळीसाठी तेवढी पुरते."

दुसऱ्या कोणाला पुरली असती. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रोज इन्सुलिन लागतं. सुई, मोजायचं यंत्र, खायचा डबा, वर साखर एकदम खाली गेलीच तर काहीतरी गोड, एवढं लटांबर घेतल्याशिवाय मी दोन तासांसाठीही बाहेर पडत नाही. आणि हे त्या घरी कोणाला माहीत नव्हतं. तसं आम्हीच ठरवलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न आमच्या वडिलांच्या दम्याची बातमी फुटल्यावर मोडलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. बायकोने तर घरात फर्मानच काढलं होतं, "साखरपुडा होईपर्यंत साखरेचं नाव काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची." मुलगी तेव्हा काहीच बोलली नाही. तिला पटलं असावं, असं आम्ही धरून चाललो.

इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात दारांच्या फटी मोजण्यात माझं आयुष्य गेलं. अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणारा माणूस मी, पण दुकानात सॅकच्या भिंतीसमोर तासभर उभा राहिलो तरी निर्णय होईना. विकणारी बाई समजूतदार होती. तिने वीसची आणि पस्तीसची, दोन्ही माझ्या पाठीवर आळीपाळीने चढवल्या. वीसची अंगाला बसली. पस्तीसची खांद्यांच्या वर डोकावत होती. "दिवसभराचं असेल तर पस्तीस घ्या, नुसती सकाळ असेल तर वीस भरपूर," ती म्हणाली. मी दोन्ही घेतल्या. एक परत करता येते.

शुक्रवारी सगळं सामान पलंगावर मांडून दोन्ही सॅक भरून पाहिल्या, तीन वेळा. पस्तीसमध्ये सगळं बसून वर जागा उरायची. वीसमध्ये रेनकोट, जाड स्वेटर, थर्मास आणि औषधांची पिशवी गेली की चेन अर्ध्यावरच अडकायची. बाहेर उरायचा तो दशम्यांचा डबा.

"अहो, मोठीच न्या," बायको म्हणाली.

"आणि त्यांनी विचारलं, एका सकाळीसाठी एवढं काय आणलंत, तर? नाकापेक्षा मोती जड."

"मग स्वेटर अंगात घाला आणि डबा आत टाका. डबा राहता कामा नये."

मी बरं म्हणालो. पहाटे, ती दार उघडत असताना, डबा काढून बुटांच्या कपाटावर ठेवला. स्टीलचा डबा, थर्मासवर आपटून वाजत होता. त्याऐवजी, तेच गोडाचंही काम करेल म्हणून, बिस्किटांचा एक पुडा कोंबला. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. सकाळचं इन्सुलिन नेहमीएवढंच टोचून घेतलं होतं, आणि धास्तीने पोळी मात्र अर्धीच गेली होती. तेवढं गणित मला यायला हवं होतं.

व्याही गाडीतून उतरले तेव्हा माझं पहिलं लक्ष त्यांच्या पाठीकडे गेलं. हिरव्या लोकरी कापडाची जुनी सॅक, चाळीस लिटरची तरी असेल, आणि टम्म भरलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला मनातून रागच आला. त्यांनी माझी सॅक हातात घेऊन जोखली, "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले आणि ती गाडीत ठेवली. मुळातच अबोल माणूस.

मचाण म्हणजे चार खांबांवरची एक लाकडी खोली, दोघांपुरती. शिडी चढून आम्ही बसलो. त्यांनी दोन्ही सॅक खुंट्यांना अडकवल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. समोर गवताचा लांबट पट्टा, पलीकडे झाडी. हळूहळू उजाडलं. तास गेला, दुसराही गेला. मी श्वाससुद्धा मोजून घेत होतो.

साडेआठच्या सुमारास झाडीतून एक हरीण बाहेर आलं. पाठोपाठ माझ्या मानेवर गार घाम आला. आधी मला वाटलं, हरणामुळेच. मग बोटं थरथरायला लागली, आणि ती थरथर मला ओळखीची होती. साखर उतरत होती. पुडा हातभर अंतरावर होता, पण त्याचा कागद असा की घरी उघडला तर शेजारच्या खोलीत कळावं. हरीण गवतात पुढे सरकत होतं. त्यांनी बंदूक खिडकीच्या फळीवर टेकवली होती. मी हललो तर त्यांची शिकार जाणार. नाही हललो तर मीच जाणार. आणि पुडा काढला तर सगळंच सांगावं लागणार. माझ्या डोळ्यांपुढे हरीण नव्हतंच, माझी बहीण होती, लग्न मोडल्याचं कळल्यावर आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी असलेली.

खाऊ का नको, हे ठरवता ठरवता मला समोरचं गवत दोन-दोन दिसायला लागलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं वाटतंय ना?" अगदी हळू विचारलं.

"हो हो, ठीक आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पाहिलं, या वेळी माझ्या हातांकडे.

"मी ठीक आहे," मी म्हणालो. जीभ जड झाली होती.

त्यांनी बंदुकीतली गोळी काढून घेतली, ती कोपऱ्यात उभी केली आणि आपली ती मोठी सॅक खुंटीवरून खाली ओढली. बक्कल खाडकन वाजलं. हरणाने मान वर केली आणि दोन उड्यांत ते झाडीत गेलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सॅकमधून संत्र्याच्या रसाचे दोन डबे निघाले, ग्लुकोजच्या वड्या निघाल्या, ब्रेडचे सहा तुकडे निघाले, एक घडी केलेलं ब्लँकेट निघालं. रसाची नळी त्यांनी स्वतः माझ्या तोंडाला लावली. मग घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं. ब्रेड हातात दिला.

हात जरा स्थिरावल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सॅकच्या पुढच्या कप्प्यातून चौघडी केलेला एक कागद काढून मला दिला. अक्षर मी लगेच ओळखलं. पहिलीपासून ते असंच गोल आहे. आमच्या मुलीने त्यांना जर्मनमध्ये लिहून दिलं होतं: घाम आला, हात थरथरले तर आधी रस, मग पंधरा मिनिटं थांबायचं, मग ब्रेड. फरक पडला नाही तर कोणाला फोन करायचा. बाबांची सॅक लहानच राहू द्या, मोठी घेतली तर आत काय आहे हे लपवण्यातच त्यांची सकाळ जाईल. जास्तीचं सामान तुम्ही न्याल का?

अगदी खाली एक ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली: ते म्हणतील, मी ठीक आहे. ऐकू नका.