अमावस्येचं स्वस्त विमान

हसू नका म्हनलं तरी तुम्ही हसनारच, म्हनून आधी कप खाली ठेवा, मंग सांगते. विमानाची पायरी लाकडाची असती का लोखंडाची, हे मला अजून ठाव न्हाई. पन आमच्या जालन्यात मस्तगडच्या गल्लीत विमानाचं तिकीट स्वस्तात कवा काढावं, हे मानसं मला इचारायला यायची! आन् त्याच तिकिटापायी म्या असा घोळ घातला, की त्याचा आवाज थेट दिल्लीपत्तूर गेला.

माझा ल्योक दत्ता मका सोलायच्या मशिनी बनवतो. हंगाम तोंडावर आल्ता, शेडमधी मशिनी वळीनं उभ्या, आन् गिऱ्हाईक काही फिरकंना. तेवढ्यात दिल्लीकडच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला. "कवाबी या, मी रोज दुकानात असतो. पटलं तर सगळा माल उचलतो."

सौदा झाला तर कारागिरांची चूल पेटनार, न्हाई तर शेडला कुलूप. रेल्वेनं जावं तर जान्यायेन्यातच दिवस मोडनार. म्हनून विमान.

दत्ता आन् माझी सून सुनीता, दोघं मोबाईलात डोकं घालून बसले. जरा येळानं बघावं तर तिकीट वर. आनखी बघावं, आनखी वर!

"आरं, भाव कोन वाढवून राह्यलं?" म्या इचारलं.

"कोनी न्हाई माय, आपोआप वाढतंय."

"आपोआप काई वाढत न्हाई! भोकरदनच्या बाजारात मानूस गरजवंत दिसला की टमाटं बी महाग व्हतं. त्या मोबाईलनं तुझं तोंड वळखलं. ठिव त्याला पालथा!"

सुनीता म्हनली, "आत्याबाई, ह्यात अख्ख्या महिन्याचे भाव दिसतात. ज्या दिवशी गर्दी कमी, त्या दिवशी तिकीट कमी. स्वस्त ते हिरवं, महाग ते लाल."

"असं व्हय? मंग अमावस्येचं बघ."

तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? माझ्या माहेरी हसनाबादेत अमावस्येला सालगडी औत धरत न्हाई, बैल बी गोठ्यात बसून राह्यतात. बैल जिथं उठत न्हाई, तिथं शहाना मानूस विमानात कामून बसल?

सुनीतानं बोट फिरवलं आन् वरडली, "अगं बाई! हिरवंगार! अख्ख्या महिन्यात सगळ्यात स्वस्त!"

सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, दोन्ही तिकिटं जल्दी काढून टाकली. बदलता येत न्हाई, पैसे वापस मिळत न्हाई, असलं तिकीट व्हतं ते. म्हनून तर आनखी स्वस्त!

दत्ताचं तोंड मातर उतरलं. "माय, अमावस्येला तू मला भोकरदनला जाऊ देत न्हाईस. आन् दिल्लीला धाडतीस?"

"त्याचा इलाज हाये माझ्याजवळ."

आदल्या दिवशी अमावस्या लागायच्या आधी म्या त्याची ब्याग उचलली आन् समोरच्या शांताबाईच्या घरात नेऊन ठिवली. ह्याला म्हनायचं परस्थान. सामान घराबाहेर पडलं, म्हंजी मानूस निघाला. मंग अमावस्येचा दोष लागत न्हाई.

जेवायला बसल्यावर दत्ता इचारतो, "माय, मंग मी आता कुठं हाये?"

"तू रस्त्यात हायेस. भाजी वाढू का?"

झालं! शांताबाईनं ब्याग संभाळली, पन बातमी काही तिला संभाळता आली न्हाई. तिचा कापडवाला जावई स्वस्त तिकीट कवाचं ते इचारायला आला. म्या बी अंगात आल्यावानी भाव सांगू लागले. एकादशी मधली, पौर्निमा महाग, अमावस्या डोळे झाकून घ्या! पदर कंबरेला खोचून गल्लीतून अशी चालायची, जसं विमान माझ्याच अंगनात उतरनार हाये.

अमावस्येला दुपारी दत्ताचा फोन आला.

"माय, दुकान बंद हाये."

"कामून?"

"अमावस्या हाये म्हून! मालकाची आई आज शटर उघडू देत न्हाई. माय, इथं बी एक तूच बसलीस!"

विमान स्वस्त कामून व्हतं, ते तवा डोक्यात शिरलं. ज्या ज्या घरात माझ्यासारखी म्हातारी हाये, तिथला कोनीच घराबाहेर पडला नव्हता!

दत्ता त्या मालकाच्या घरातूनच बोलत व्हता. मालक बिचारा सौद्याला तयार, पन त्याची माय अडून बसलेली. आज कामाचा शब्द काढायचा न्हाई!

म्हनलं, "फोन दे तिला."

आमच्या जालन्याच्या हिंदीत म्या सुरू केलं, "बहनजी, लडका आज नहीं निकल्या. उसका ब्याग कलसेच शांताबाई के घर में था."

मंग म्हातारी म्हनली, "अच्छा! प्रस्थान रखा था? फिर तो दोष नहीं. आप तो बड़ी समझदार हो."

बघा! दिल्लीच्या बाईला कळलं, माझ्या ल्योकाला न्हाई कळलं! मंग काय, बोलता बोलता आमचे गुडघे निघाले, सुना निघाल्या, लोनच्यातलं मीठ निघालं. तिनं ल्योकाला परवानगी दिली, बोलनं आज करा, लिखापढी उद्या.

"लेकिन बहनजी," ती म्हनली, "अमावस की शाम को मैं मेहमान को घर से निकलने नहीं देती."

मला इतकं भरून आलं! जोरात म्हनलं, "बिलकुल मत छोडो! बांध के रखो उसको!"

मागून सुनीता वरडली, "आत्याबाई! येतानाचं तिकीट आज संध्याकाळचंच हाये!"

आता म्हातारीनं तिकडं चहाचं पानी ठिवलं व्हतं, पाहुन्याचं अंथरून काढलं व्हतं. शब्द फिरवायचा कोन्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी सौदा बराबर झाला. सगळ्या मशिनी गेल्या, वर आनखी मागितल्या. शेडमधी पुन्हा हातोड्याचा आवाज सुरू झाला. फकस्त दत्ताला घरी आनायचं राह्यलं व्हतं.

सुनीता मोबाईल माझ्यापुढं धरून म्हनली, "आत्याबाई, आजचं तिकीट लालभडक हाये. वाचलं ते सगळं जाऊन वर खर्चा हाये."

म्हनलं, "काढ. लाल रंग शुभ असतो."

परवा त्या दिल्लीच्या बहनजीचा फोन आला. त्यांचा ल्योक आता नव्या मशिनी बघायला जालन्याला येनार हाये. "बहनजी," ती इचारती, "सस्ता टिकट कौन से दिन मिलेगा?"

दत्ता, सुनीता, शांताबाई, सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले. म्या घसा साफ केला.

"बहनजी, पौर्निमा को भेजो. म्हैंगा पडेंगा, पर लडका शाम को घर आयेंगा."