हळदीकुंकवाला न आलेल्या बायका

निजामपुऱ्यात आमचं किराणा दुकान. माल मी तोलायचो, उधारी बायको बघायची. दोघंही चौथीपलीकडे गेलो नाही. तरी दर संक्रांतीनंतर ती सांगायची, "एवढे येतील, एवढे बुडाले समजा." व्हायचंही जवळपास तसंच. तिला कसं कळतं, हे मी कधी विचारलं नाही.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि मुलगा म्हणाला, "बाबा, उधारी येणार नसेल तर दुकान भाड्यानं देऊन टाका. मोबाइलवाला मागतोच आहे."

दुकान गेलं तर दिवसभर मी काय, भिंती बघू?

सूनबाई एका कारखान्यात हिशेब बघते. तिला विचारलं, कोणती बुडीत धरायची? म्हणाली, "आमच्याकडे उधारी जितकी जुनी, तितकी बुडायची भीती जास्त धरतात."

"आणि तुझ्या सासूचं गणित?"

ती हसली. "त्या हळदीकुंकवाला सगळ्या उधारीवाल्या बायकांना बोलवायच्या. कोण आलं नाही, ते बघायच्या."

"न आलेली बुडाली?"

"उलट! न येणारीला लाज आहे, म्हणजे ती देणार. हसत येऊन वाण घेऊन जाते, तिची सोडा."

इतकी वर्षं मी आतल्या खोलीत तिळगूळ खात बसलो आणि बाहेर हे चाललं होतं!

यंदा सूनबाईनं हळदीकुंकू केलं. मी पडद्याआडून डोकावत होतो. "बाबा, आत व्हा, बायका बुजतात," म्हणून तिनं मला हाकललं. सगळ्यात जुनी उधारी पलीकडच्या समा भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या गुजराती बाईची. ती आली नाही. सूनबाईच्या रीतीनं ती उधारी मेलेली, बायकोच्या रीतीनं जिवंत. मला राहवेना. स्कूटर काढून तिच्या दारात गेलो.

"का आली नाहीस?"

"काका, कया मोढे आवुं?" कोणत्या तोंडानं येऊ, म्हणत तिनं मान खाली घातली. आत जाऊन तिनं अर्धे पैसे आणले, उरलेले होळीला म्हणाली.

मग न आलेल्या सगळ्यांकडे गेलो. एकीनं दारच उघडलं नाही. म्हणजे बायकोचंही चुकायचं. पण दुकान चालेल इतकं जमलं. मुलानं मोबाइलवाल्याला नकार कळवला.

एक कोडं मात्र सुटत नाही. कोण बुडवणार हे ठाऊक असूनही ती त्यांना माल द्यायला सांगायची. का, ते विचारायला आता ती नाही.

काल हळदीकुंकवातली सगळ्यात हसरी बाई आली. "काका, अर्धा किलो गूळ. लखी लेजो."

मी तोलला. लिहिलाही, बुडीतात.