इंजिनबुवाच्या गळ्याचं बटण

वैशाखातसुद्धा आमचा इंजिनबुवा सदऱ्याचं गळ्याशी असलेलं बटण लावून असायचा. बाहेर ऊन, आत तेलाचं इंजिन. बाकीचे पुरुष उघडे बसत. कोणी खोलीत शिरलं की याचा हात आधी गळ्याकडे जाई, बटण जागेवर आहे ना ते चाचपायला. मग म्हणे, "ये वो बाई, बस."

तुमच्याही पाहण्यात असा माणूस असेल, उन्हाळ्यात अंग झाकून फिरणारा. आपण त्याला वेडा म्हणून सोडून देतो. बुवा वेडा नव्हता. आधी त्याचा गळा उघडाच असायचा आणि त्यात तुळशीची माळ असायची.

आमगावच्या स्टेशनाजवळ धानाची गिरणी होती. स्वराज्य यायला अजून अवकाश होता. मी चौथी शिकले, लग्न झालं आणि गिरणीत कोंडा चाळायला लागले. इंजिन बुवा चालवायचा. वस्तीत वीज नव्हती, पण गिरणीच्या इंजिनाला पट्ट्याने डायनमो जोडलेला होता आणि त्यावर थोडे बल्ब जळत. आम्ही लट्टू म्हणायचो. भजनात मृदंग बुवाकडे असे. मोठे मोठे दुकानदार त्याच्या पाया पडत. बायको वारलेली, एकुलती लेक बोदलकसा तलावाकडच्या गावी दिलेली.

एका दिवाळीला तो लेकीकडे गेला आणि तलावाकाठच्या ओल्या रेतीतून एक रोप घेऊन आला. रुपयाएवढं, जमिनीला चिकटलेलं, लाल. पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला दव. दव कसलं, चीकच तो. त्यात एक मुंगी अडकलेली बुवाला दिसली. काडीने सोडवायला गेला तर तिचा पाय तुटला. दुसरा कोणी पुढे निघून गेला असता. बुवाने ते रोपच मातीसकट उचललं.

"हे कायले आणलं बुवा?" मी विचारलं.

"बाहेर रायली तर रोज मुंग्या मारन. माझ्याजवळ रायली तर सुधरन."

तो त्या रोपाला पोट्टी म्हणायचा, म्हणजे पोरगी.

इंजिनखोलीला खिडकी नव्हती. पाण्याच्या टाकीतून थेंब थेंब टपकायचं, तिथे त्याने जर्मनची परात ठेवली, तीत रेती भरली आणि तारेने एक लट्टू खाली ओढून परातीवर वीतभर उंचीवर बांधला. लट्टू दूर केला की पोट्टी हिरवी पडे, चीक आटे. जवळ आणला की लाल होई. मग रेती सुकू नये म्हणून बाजूला ओलं पोतं.

आणि मग सुधारणा सुरू झाली. पानावर भाताचं शीत ठेवलं. त्याला बुरशी आली. मग दुधाचा थेंब सोडला, तर पान हळूहळू मिटलं. बुवा कोंड्याच्या ढिगापर्यंत धावत आला. "दूध घेते वो, दूध!" आम्ही सगळ्या पाहायला गेलो. पण दूध नासलं, पान काळं पडलं आणि खोलीत वास सुटला.

त्यानंतर त्याने काही घातलं नाही. लट्टूवर डास येत, चिलटं येत, धान निसवलं, लोंब्या फुटल्या की तुडतुड्यांचे थवे येत. पोट्टीला हवं ते मिळे. तेव्हा बुवा पाठ करून इंजिनाला तेल घाली. कोणी पाहिलं तर धोतराचा सोगा परातीवर आडवा धरून म्हणे, "मी नाही देत वो. थे आपलं घेते."

एकादशीला मात्र तो परातीत कंदिलाची काच उभी करी आणि तिच्या तोंडावर फडकं बांधी. पोट्टीलाही उपास. आम्ही बायका त्याला सोडत नसू.

"बुवा, लेक सुकून राहिली ना. रताळं तरी घाला तिले."

"एक दिवसानं कोणी मरत नाही," तो म्हणे, पण दिवसभर काचेतून डोकावत राही.

आम्ही त्याच खोलीच्या सावलीला बसून भाकरीबरोबर सुके मासे खायचो. आम्हाला त्याचं काही वाटत नसे, त्यालाही आमचं काही वाटत नसे. डासाची लाज तेवढी त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली होती.

धान निसवायच्या दिवसांत भजनी मंडळाचे प्रमुख, कापडवाले काका, संध्याकाळी त्याला बोलवायला आले. सप्ताह बसायचा होता. मी टोपलं घेऊन दारातच होते. परातीत एक इवला पतंग चिकटला होता आणि पंख फडफडवत होता. काका पाहत राहिले.

"बुवा, हे काय होय?"

"मी नाही देत काका. थे आपलं घेते."

"लट्टू कोणं बांधला?"

आवाज चढवला नव्हता. साधं विचारलं. बुवाने वर लट्टूकडे पाहिलं, तारेला त्याच्याच हातची गाठ होती. त्याचे कान लाल झाले.

मी सासऱ्याला ओरडताना पाहिलं आहे, मारताना पाहिलं आहे. एवढा मोठा माणूस लाजेने एवढासा होताना पहिल्यांदा पाहिला. नजर कुठे ठेवावी कळेना. त्या रात्री घरी मासळी होती. घशाखाली उतरली, खोटं कशाला सांगू. पण चव लागली नाही.

"दोन्ही नाही चालत बुवा," काका तेव्हा निघता निघता म्हणाले होते. "माळ, नाही तर हे."

दुसऱ्या दिवशी बुवाचं बटण लागलेलं होतं. मला वाटलं थंडी वाजत असेल. मग समजलं, माळ त्याने काकांकडे देऊन टाकली होती.

"बोदलकशाले सोडून यायचं होतं तिले," मी म्हटलं.

"तेथीबी मारनच ना. माझ्या डोर्‍यापुढं नाही, म्हणून मी मोकळा होऊ काय?" मग पोतं ओलं करत म्हणाला, "माळ दुसरा कोणी घालीन. हिले कोण पाहीन?"

पुढे तो भजनाला जाई, पण बाहेर चपलांजवळ बसे. मृदंग दुसऱ्याकडे गेला. तो ठेका चुकवायचा, तेव्हा बुवाची बोटं गुडघ्यावर बरोबर पडत. मी येताजाताना पाही. माझ्याकडे लक्ष गेलं की तो हात मांडीखाली घाली. कोणी त्याला आत या म्हटलं नाही, आणि मी म्हणावं तर बाईमाणूस.

भुशाने त्याची छाती भरली. खोकला थांबेना, तेव्हा लेक न्यायला आली. तिरोड्याला उतरून पुढे बैलगाडी करायची होती. मी बोचकं घेऊन स्टेशनावर गेले. बुवा बाकावर बसला होता, बटण लावून. मांडीवर परात, परातीत ती काच.

काका आले. मान खाली होती. कागदाची पुडी सोडून त्यांनी माळ काढली.

"घ्या बुवा. कोणी काही म्हणणार नाही."

"हात मोकळे नाही ना, काका."

लेक म्हणाली, "मी धरीन बाबा, दे." त्याने दिली नाही. काकांचा हात त्याच्या गळ्याकडे गेला. बटण बंद होतं. हात मागे आला.

गाडी आली. लेकीने त्याला परातीसकट चढवलं. मी खिडकीतून बोचकं आत दिलं.

"तेथी लट्टू कुठचा, बुवा?"

"कंदील लावीन."

गाडी हलली. तो पुन्हा आमगावला आला नाही.

काका माळ मुठीत घेऊन तिथेच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कोणाला लाजेने एवढंसं होताना एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरे होतं.