आमच्या घरी नवं उशिरा झालं

आई गेली त्या उन्हाळ्यानंतर माझं पोट बिघडलं. घास तोंडातच फिरायचा, आतड्यांना पीळ पडायचा, झोप उडाली. खोडाळ्याच्या शाळेत मी शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून तसाच मिटायचे.

घरी आले की सासूबाई दारातच विचारायच्या, "पोट कसा हाय? काय खाल्लास?" मला संताप यायचा. माझी आई गेली, आणि या बाईला भाकरीची पडली आहे! मन कसं आहे हे एकदा तरी विचारावं माणसानं.

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक निघालं. मग नवरा ठाण्याहून सुट्टीवर आला आणि मला मोटारसायकलवर बसवून जव्हारला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "घरातलं कुणी गेलं का?" मला जे रडू फुटलं ते थांबेचना. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली. ती उदासीवरची आहे हे मेडिकलवाल्याकडून कळलं. म्हटलं, झालं, आता 'येडी मास्तरीण' म्हणून गावभर बोभाटा व्हायचा तेवढा बाकी आहे.

गोळी सुरू केली आणि मळमळ दुप्पट झाली. सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी उचलून वर आढ्याला खोचली. "इख हाय ता. सोड." मी आनंदानं सोडली असती, पण आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"बंद करू नका," त्या म्हणाल्या. "सेरोटोनिन म्हणून एक रसायन आहे शरीरात. लोक त्याला मेंदूचं समजतात, पण बहुतेक सगळं आतड्यात तयार होतं. आतडी हलतात, मळमळतं, त्यात त्याचा हात असतो. गोळी त्याच्यावर काम करते, म्हणून पोटाला आधी कळतं. मनाला कळायला काही आठवडे जातात." मी विचारलं, म्हणजे ते कमी झालं म्हणून मी अशी झाले का? "इतकं सरळ गणित नाही ते," त्या म्हणाल्या. "आणि हो, रक्त गोठायलाही तेच मदत करतं. या गोळीबरोबर अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या तर रक्तस्राव होऊ शकतो, त्या मला विचारल्याशिवाय घेऊ नका."

सासूबाईंना जमेल तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे पोटाचाच औषध ना?"

"पोटाचं आणि मनाचं. दोन्हीचं."

"मंग खा," म्हणाल्या आणि पट्टी काढून हातात दिली.

तेवढ्यात पाड्यावर घरोघर नवं झालं. नव्या तांदळाचा भात आधी कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवायचा आणि मग घरात असतील त्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. तोवर नव्या दाण्याला कुणी तोंड लावत नाही. आमचं भात झोडून कणगीत पडलेलं, आणि सासूबाई खोडाळ्याच्या बाजारातून तांदूळ विकत आणत होत्या. शेजारीण हसली, "घरचा ठेवून बाजारचा खातेस का गं?"

"घरातला येक माणूस उपाशी हाय. नवा कसा खावाचा?"

मी आतून ऐकलं. इतके दिवस दारात उभी राहून ही बाई काय विचारत होती ते मला तेव्हा कळलं. मी भिंतीला टेकून बसले आणि गोळी घेतली.

गोळीनं जादूबिदू काही केली नाही. आधी मळमळ गेली. मग पोट ताळ्यावर आलं, मग झोप लागायला लागली. मन सगळ्यात शेवटी, रुसलेल्या पाहुण्यासारखं. एका सकाळी शाळेला निघाले होते. शेजारच्या चुलीवरून नागलीच्या भाकरीचा वास आला आणि पोटात कावळे ओरडायला लागले. कितीतरी महिन्यांनी!

"आत्या, भूक लागली!" मी उंबऱ्यातूनच ओरडले.

सासूबाई अंगण झाडत होत्या. त्यांनी झाडू टाकला, हात धुतले, कणगीतून भात काढलं आणि उखळाशी बसल्या.

"अहो, माझी शाळा?"

"शाला उद्या बी हाय. आज नवा."

कणसरीपुढे भात ठेवला आणि आम्ही दोघी जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि आई आठवली. मी ताटावरच रडायला लागले. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, हात त्यांच्याच भातात तसाच थांबलेला.

माझा घास खाली उतरला. मग त्यांनी खाल्लं.