मखमलीवरचे उलटे बाण

माझे धाकटे दीर इस्पितळाच्या धोबीखान्यात फाटक्या चादरी शिवतात. अकरा वर्षं झाली. तळघरातली खोली, ओल्या कपड्यांचा वास, आणि समोर ठिगळं लावायच्या चादरींचा ढीग. हाच माणूस एके काळी आमच्या दुकानात कापड बेतायचा! त्यांनी कात्री हातात घेतली की सासरेबुवा स्वतः बाजूला सरकायचे.

तिथंच तर सगळं बिघडलं. सासऱ्यांनी धाकट्याचं कौतुक कधी लपवलं नाही. थोरला, म्हणजे माझा नवरा, सोळाव्या वर्षापासून मशीनवर मान मोडून बसलेला, पण मोठं काम आलं की हाक धाकट्याला. जेवताना, गिऱ्हाइकासमोर, चर्चच्या पायरीवर, जिथं तिथं एकच, "माझ्या धाकट्याचा हात बघा!" माझा नवरा अर्ध्या ताटावरून उठायचा. चर्चमध्ये योसेफाची गोष्ट वाचली जायची, बापाच्या लाडक्याला भावांनी खड्ड्यात टाकल्याची, तेव्हा आमच्या बाकावर कुणालाही काही टोचायचं नाही. मलासुद्धा नाही.

मग चर्चच्या गायकमंडळींचे चोवीस मखमली झगे आमच्याकडे आले. मखमलीला लव असते. एकीकडून हात फिरवला की मऊ, उलट फिरवला की खरखरीत, आणि उलट बेतलेला कपडा उजेडात काळपट दिसतो. म्हणून भावजी तळव्यानं लव बघायचे आणि कापडाच्या मागच्या बाजूला खडूनं बाण काढून ठेवायचे. आमच्या दुकानाची शिस्त अशी, की एकदा बाण काढला की पुन्हा हात फिरवायचा नाही. फार हाताळली की मखमल दबते. त्या दिवशी बाण काढून भावजी जेवायला गेले. मी मागच्या दारानं डबा घेऊन आले, तर माझा नवरा अर्ध्या कापडांवरचे बाण पुसून उलटे काढत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डबा ठेवला आणि आल्या पावली परत गेले. एवढी फटकळ मी, भाजीवाल्याला सोडत नाही, आणि तेव्हा मूग गिळून बसले!

रविवारी मंडळी गायला उभी राहिली. बारा झगे लालभडक, बारा सुकलेल्या रक्तासारखे. सासऱ्यांना तोंड कुठं लपवावं कळेना. घरी येऊन त्यांनी एका झग्याचं अस्तर उसवलं आणि आतला बाण दाखवला.

"बाबा, हा बाण मी नाही काढला," भावजी म्हणाले.

"मग काय देवदूतानं काढला?"

चूक सासऱ्यांनी पोटात घातली असती. खोटं घातलं नाही. त्याच दुपारी भावजींना घराबाहेर काढलं.

खरं वाईट पुढं झालं. भावजींचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. "वहिनी, मीच चुकलो असेन का हो? आणि वर बाबांशी खोटं बोललो?" असं मला विचारायचे. मला! कात्रीला पुन्हा हात लावला नाही. चर्चला यायचे, मागच्या बाकावर बसायचे. एकदा म्हणाले, "देवाकडे एवढंच मागतो, खरं काय ते मला कळू दे, आणि बाबा आहेत तोवर त्यांना कळू दे. आता तेही तोंडातून निघत नाही. नुसता बसतो." मग म्हणाले, "पण देव विसरत नाही." मला असला संताप यायचा! भावजींचा, देवाचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

गेल्या आठवड्यात सासऱ्यांना त्याच इस्पितळात आणलं. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. भावजी धोबीखान्यातून धावत वर आले आणि दारातच थबकले. आत यायची हिंमत होईना. माझा नवरा दुकानात गेला होता. आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हटलं आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकून, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगून टाकलं. काय बघितलं, कधी बघितलं, कशी गप्प बसले.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "मला माहीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, भ्रमात बोलतायत.

"थोरला डावखुरा. नंतर बाकीचे झगे उसवले, तेव्हा ओळखलं. बाण डाव्या हाताच्या वळणाचे होते." त्यांना धाप लागली. "एकाला घालवलं होतं. बोललो असतो तर दुसराही गेला असता. भ्यालो मी."

भावजी भिंतीला टेकत खाली बसले.

"त्यांना कळू दे म्हणत होतो मी," ते म्हणाले. "त्यांना कळलं होतं. आणि मला तसंच खाली राहू दिलं." तोंडावर हात दाबून ते जे रडले, ते मला ऐकवेना. मी उठवायला गेले, तर माझा हात झटकला. बरोबरच केलं.

सासऱ्यांनी खाटेवरून हात पुढं केला होता. तो पोचत नव्हता आणि ते मागंही घेत नव्हते. मग भावजी उठले, शेजारचं स्टूल तसंच ठेवून खाटेच्या कडेला बसले आणि तो हात मांडीवर घेतला.

"मी खोटं बोललो नव्हतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मागितलेलं देवानं दिलं, वहिनी. पण कसलं हो दिलं!" डोळे पुसले. "दादाला बोलवा. बाबांकडे वेळ नाही."

"भावजी, तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय. खूप आलाय. तरी बोलवा."

मी बाहेर जाऊन फोन लावला. सगळं ऐकल्यावर नवऱ्यानं पहिलं काय विचारलं? "धाकट्याला कळलं?"

"कळलं."

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं. "मग मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं ये," मी म्हणाले. "भावजींनी तुझ्यासाठी स्टूल रिकामं ठेवलंय."