शांतप्पांच्या चार वाट्या

अप्पा गेल्याचा फोन त्यांच्या बायकोनं, काकूंनी, स्वतः केला, तरी माझ्या तोंडून आधी निघालं, "कुणी सांगितलं?" काकू म्हणाल्या, "अगं रेखा, माझ्यासमोरच गेले की." फोन ठेवल्यावर मी अप्पांच्या पुतण्याला, सागरला, फोन लावून खात्री करून घेतली. लोकांना हे विचित्र वाटेल. पण अप्पांच्या हाताखाली जो तयार झाला, तो एका माणसाच्या सांगण्यावर कशावरच विश्वास ठेवत नाही. त्यांच्या मरणावर तरी मी लगेच का ठेवावा?

शांतप्पा, म्हणजे आमचे अप्पा, मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. वीज मंडळात मीटर तपासायची नोकरी. उभा जन्म लोकांच्या मीटरची सीलं बघण्यात गेल्यामुळे कुणी आग्रहानं चहा पुढे केला की ह्यांची नजर आधी त्याच्या वायरीकडे जायची. रायफलचा नाद तरुणपणापासूनचा. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या आमच्या छोट्या रेंजवर ते रोज सकाळी हजर. मी युनिफॉर्म शिवायचा कारखाना सांभाळून तिथं पालथं पडून पन्नास मीटरवर पॉईंट टू टू रायफल चालवते. सागरही तोच प्रकार खेळतो, पुरुषांच्या गटात.

ह्या रायफलीचं एक दुखणं आहे. तिची काडतुसं घरी भरता येत नाहीत, कारखान्यातून येतील ती मुकाट्यानं घ्यायची. डब्यावर नाव तेच, रंग तोच. पण एका लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या, गोळ्या माझ्या नळीतून एकाच भोकात जातात आणि दुसऱ्या लॉटच्या चाळणी करून ठेवतात. तुमच्या नळीला कदाचित तोच दुसरा लॉट मानवेल. म्हणून आधी थोडे डबे आणून मारून बघायचे आणि जमला त्या लॉटचा वर्षभराचा साठा घ्यायचा. तो संपला की तसाच पुन्हा मिळेल ह्याची काही खात्री नाही. डब्यावर ठळक अक्षरात 'मॅच', म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं, असं छापलेलं मी एकदा कौतुकानं दाखवलं, तर अप्पा म्हणाले, "माझं नाव शांतप्पा हाय. मी शांत हाय का?"

त्यांची पद्धत अशी. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या चार स्टीलच्या वाट्या रेंजवर यायच्या. नेमबाजानं पाठ वळवायची, अप्पांनी गोळ्या भरायच्या आणि लॉटची चिठ्ठी वाटीच्या बुडाला चिकटवायची. लॉट तीनच, वाट्या चार. कुठल्या तरी दोन वाट्यांत एकच लॉट असायचा, कुठल्या ते सांगायचे नाहीत. त्या दोघींचं माप, म्हणजे कागदावर भोकं किती पसरली ते, जुळलं नाही तर त्या दिवसाची सगळी चाचणी रद्द. "मग एक तर वारं खोटं बोलायलंय, न्हाय तर तू," असं म्हणून ते सरळ आवरायला घ्यायचे. वाटी बदलली की आधीच्या गोळ्यांवर लावलेलं मेण नळीतून जाईपर्यंत बऱ्याच गोळ्या नुसत्या मातीच्या बांधात मारायला लावायचे. आम्ही कंटाळायचो. ते नाही.

मागच्या हिवाळ्यात राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. माझं कोपर दुखायचं, वय काही परत येणार नव्हतं. संघात जायचं तर ह्याच वर्षी, हे मला पक्कं कळत होतं. त्यात एका लॉटचा साठा एकाच माणसाला पुरेल इतका उरलेला, आणि तो मला हवा होता. सागरलाही. आता अप्पांनी काय करावं? दोन रविवार चाचणी घेतली आणि दोन्ही वेळा, जुळ्या वाट्या जुळत नाहीत म्हणून रद्द केली. वारं पडलेलं, माझा हात स्थिर... मला काही ते पटेना. मनात आलं, म्हातारा वेळ काढतोय. शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं.

तिसऱ्या रविवारी चारी वाट्या मारून झाल्या. अप्पांनी भोकांमधलं अंतर मोजायच्या व्हर्नियरनं मापं घेतली आणि लिहून काढली. मग व्हर्नियर माझ्या हातात दिला. "तू माप." मी मापलं. चारी मापं जवळजवळ सारखी आली. त्यांची चारी वेगवेगळी आली होती. त्यांनी एकेक वाटी उलटी करून दाखवली... चारींच्या बुडाला एकच लॉट.

"तुला न्हाय तपासलं," ते म्हणाले. "मला तपासलं. शुगरनं डोळे गेले की गं माझे. माझंच मीटर बिघडलंय, आता सील करायचं."

पुढच्या रविवारी लॉट मी निवडायचा, मापं मी घ्यायची, असं त्यांनी सांगून टाकलं. आणि खरंच, त्या दिवशी ते कागदाकडे फिरकले नाहीत, बाहेर लिंबाखाली बसून राहिले. मी हवा तो लॉट घेतला, तरी घरी जाताना डोक्यात किडा वळवळत होताच: इतक्या सहज कसं दिलं? ह्यात काही तरी मेख असणार. मेख काहीच नव्हती. मी संघात गेले. अप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सागरनं मला सांगितलं, "अप्पा म्हणले होते, ती निवडेल ते तिचं. तिचं माप बघायची मला गरज न्हाय." आयुष्यात त्यांनी न तपासता सोडून दिलेलं तेवढं एकच माप असेल. ते माझं होतं.

परवा नवे लॉट आले. साठा पुन्हा तुटपुंजा आणि गिऱ्हाईक पुन्हा आम्ही दोघंच. वाट्या भरायला दुसरा माणूस लागतोच, स्वतःपासून स्वतः कसं लपवणार? सागर भरायला बसला, मी भिंतीकडे तोंड केलं. हा मला बनवेल का, हे मनात आलंच. मागं स्टीलवर गोळ्या पडत होत्या आणि एकदम जाणवलं, हा आवाज अप्पांच्या हातचा नाही. ते आता नाहीत. पहिल्यांदाच खरं वाटलं ते. पहिल्या वाटीला मला समोरचं काळं वर्तुळ नीट दिसेना, आणि एक गोळी पार बाजूला गेली.

सागर कागद घेऊन आला. सगळी भोकं एकात एक, ती एक सोडून. "ताई, ही धरायची न्हाय," तो म्हणाला. "गेली असंल अशीच."

"धर," मी म्हटलं. "अप्पांनी कधी एक तरी गोळी सोडली का?"

त्यानं मापलं. वाटी बाद झाली. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "वारं होतं काय?"

"नाही," मी म्हटलं. "वारं नव्हतं."