रशियन पाहुण्यांचे काका

"बसाले टाइम कुठी आहे, बाप्पा?" खुर्ची पुढे केली की काका हेच म्हणायचे आणि चहाचा कप हातात घेऊन लॉबीत फेऱ्या मारायला लागायचे. चहा संपेपर्यंत सहा-सात फेऱ्या. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याच्याकडे नुसतं बघूनच आपण दमतो.

कॅनडात हॅमिल्टनमधल्या बावीस खोल्यांच्या एका हॉटेलात ते मॅनेजर होते. मी कॉलेज संपवून वर्क परमिटवर तिथे लागले होते, कागदावर फ्रंट डेस्क सुपरवायझर आणि प्रत्यक्षात पडेल ते काम. ते नागपूरचे, मी साताऱ्याची. ऐंशीच्या दशकात ते शिष्यवृत्तीवर रशियात इंजिनिअर व्हायला गेले होते. इंजिनिअरिंग मागे पडलं, भाषा राहिली. इस्पितळ रस्त्यापलीकडेच असल्यामुळे आमच्याकडे रुग्णांचे नातेवाईक उतरत. त्यात कोणी रशियाहून यायचं असलं की फोन थेट काकांना.

फोनवर ते आधी समोरच्याची सगळी कुंडली काढायचे. लेकरं किती, गुडघे दुखतात का, किती दिवस राहणार. मग आपलं हॉटेल सोडून भलत्याच जागा सुचवायचे. मुलंबाळं असतील तर चूल असलेलं मोटेल, विद्यार्थी असेल तर हॉस्टेल, गुडघे धड असतील तरच कोणाच्या घरातलं, जिन्यावरचं बी अँड बी. सुचवून थांबायचे नाहीत, स्वतः जाऊन गादीवर आडवे होऊन यायचे. त्यांच्या गाडीच्या डिकीत नेहमी चार किटल्या असत, कारण इकडच्या खोल्यांत कॉफीचं मशीन असतं, चहाचं काही नसतं. "तिकडचा माणूस हीटरशिवाय राहील, पण किटलीशिवाय नाई राहात," ते म्हणायचे.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे एक रशियन म्हातारी आली. तिची मुलगी उत्तरेकडच्या एका गावात नोकरीला होती, मणक्याच्या ऑपरेशनसाठी तिला इथे आणलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. म्हातारीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. रस्ता ओलांडला की मुलगी, एवढंच तिला पाठ होतं. किती दिवस राहावं लागेल माहीत नाही, म्हणून तिचं बुकिंग काका रोजच्या रोज वाढवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका कोणाला तरी आणायला विमानतळावर गेले होते. म्हातारी डेस्कपाशी आली, किल्ली माझ्यासमोर ठेवली, काहीतरी बोलली आणि निघाली. मला वाटलं, खोली सोडून चालली. मीही हसून बाय-बाय केलं. युनिव्हर्सिटीच्या पदवीदानाचा आठवडा होता, फोन थांबत नव्हता. खोलीत तिची बॅग होती. विसरली असेल म्हणून मी ती स्टोअरमध्ये ठेवली आणि खोली ओटावाहून आलेल्या एका कुटुंबाला देऊन मोकळी झाले.

दुपारी चार वाजता म्हातारी परत आली आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला. ती किल्ली मी केव्हाच ओटावाच्या कुटुंबाला दिली होती.

काका आले तेव्हा मी रडत होते. ते ओरडले नाहीत. "तिकडं रशियात हॉटेलातली किल्ली सोबत नाई नेत, पोरी. मजल्यावर एक बाई बसते, तिच्यापाशी ठेवाची अन् जाची." मग चालता चालताच म्हणाले, "मी तिकडं हॉस्टेलात नवा होतो ना, तवा तिथली अशी बाईच इचारे, जेवला का म्हणून. दुसरं कोणी नाई इचारे."

आणि सुरू झाली त्यांची धावपळ. मोठी हॉटेलं भरलेली. हायवेवरच्या मोटेलात खोली होती, पण तिथून बस नाही. बी अँड बीचा जिना म्हातारीला जमणारा नव्हता. युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल उन्हाळ्यात पाहुण्यांना देतात, तेही फुल्ल. शेवटी ओळखीच्या एकाचा बेसमेंट मिळाला. काका तिला गाडीत घालून दाखवायला घेऊन गेले आणि तसेच परत आले. "म्हणते, जमिनीखाली बटाटे ठेवतात, माणसं नाई!" सांगताना स्वतःच हसत होते. मग हॉटेलातच लाँड्रीमागे असलेली स्वतःची राहायची खोली त्यांनी झाडली, चादर बदलली, किटली ठेवली आणि म्हातारीला तिथे नेलं. "मी दोस्ताकडं जातो," म्हणाले.

दोन दिवसांनी किटली आणायला मी त्यांच्या गाडीपाशी गेले, तर मागच्या सीटवर रजई आणि दाढीचं सामान. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर चूक कोणाची हेही बोलावं लागलं असतं.

म्हातारी त्या खोलीत गेल्याच्या चौथ्या दिवशी मार्कहॅमहून मालक आले. स्टाफच्या खोलीत एक अनोळखी बाई बघून ते संतापले.

"इसको ये कमरा किसने दिया?"

"मैंने," काका म्हणाले.

"और इसका कमरा किसने बेच दिया?"

मी शेजारीच उभी होते. माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या, फाईलला याच मालकाचं पत्र लागणार होतं.

"वो भी मैंने."

मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. म्हातारीला रिकामी झालेली खोली मिळाली आणि काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं गेलं. ते म्हणाले, "उद्या कायले, आताच जातो." अर्ध्या तासात त्यांचं सामान गाडीत गेलं. जाताना मला म्हणाले, "म्हातारीनं किल्ली देल्ली का ठेवून घेजो. बाय-बाय नको करजो." मी हसले, ते हसले. नंतर मी पुष्कळ फोन केले, पण तो नंबर बंद झाला होता. मला ते पुन्हा दिसले नाहीत.

त्याच दुपारी म्हातारी इस्पितळातून जवळजवळ धावतच आली. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने दोन बोटं काउंटरवर टेकवली आणि हळूहळू चालवली. एक. दोन. थोडं थांबून तीन. पाचपर्यंत नेली आणि माझा हात घट्ट धरून रडायला लागली. तिची मुलगी चालली होती.

मग डोळे पुसून ती लॉबीत इकडे-तिकडे बघू लागली. ही बातमी तिला तिच्या भाषेत सांगायची होती, आणि ती भाषा कळणारा माणूस इथे एकच होता. माझ्याजवळ शब्द नव्हते. मी दाराकडे बोट दाखवलं.

तिने समजल्यासारखी मान हलवली. बाहेर गेलेत, येतीलच. ती दारासमोरच्या बाकावर जाऊन बसली आणि रस्त्याकडे बघत राहिली.